पितरपक्षातला माउस

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा डबल क्लिक. मी एकदा दाबते, तो दोनदा ऐकतो. गेममध्ये नेम धरायला बंदुकीची दुर्बीण उघडली, लगेच मिटली, आणि समोरच्याने मला आरामात मारलं. कानात टीममधला नीलेश — "अरे सुचेता, सो गई क्या?" झोपले नाही रे, माझा माउस म्हातारा झालाय.

वर त्याचं ते रबर. नवं होतं तेव्हा मऊ-मऊ म्हणून भाव खात होतं. आमच्या खाऱ्या हवेत दोन वर्षांत पाघळलं. बोट ठेवलं की चिकटतं, उचललं की चट्ट आवाज येतो. कुणीतरी चघळून टाकलेलं च्युइंगगम हातात धरून खेळतेय मी. शी!

नंतर निकेतचा मेसेज. हा आमच्या टीमचा कॅप्टन, भाईंदरच्या इंद्रलोक भागात त्याचं गेमिंग कॅफे आहे. स्पर्धेच्या पक्क्या टीममधली पाचवी जागा रिकामी झालीय, दसऱ्याला सकाळी ट्रायल. "अपना माउस लाना, कॅफे का मत माँगना." आणि जागा पगारी आहे. म्हणजे दाताच्या दवाखान्यातलं रिसेप्शन सुटेल, पहाटे उठून कोळंबी सोलणंही सुटेल. दुसरं आधी सुटू दे.

१३ सप्टेंबर

माउस उघडला. बघायलाच नको होतं. चाकाभोवती केस गुंडाळलेले, कोपऱ्यात काळा मळ, आणि त्या मळात एक खवला. माशाचा. वाळलेला, चमकणारा.

जेवायच्या ताटात सापडला असता तरी मी एवढी दचकले नसते. रोज लिंबू घासते, दवाखान्यातलं स्पिरिट लावते, तरी हा इथपर्यंत पोचलाच. टीमला मी "भाईंदर" सांगते. आमचं कोळ्यांचं उत्तन नाही सांगत. भाईंदर म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

स्टेशनजवळ अल्पेशच्या दुकानात गेले. चांगला गेमिंग माउस दाखव म्हटलं. त्याने न विचारता गुलाबी काढला. वर मांजरीचे कान!

"दीदी, लेडीज में यही चलता है."

मी म्हटलं, मला वजन सांग, आकार दाखव, आत बटणं कुठली आहेत ते सांग. तो म्हणे, "लाइट सोलह कलर की है." बॉक्स उघडून हातात दे म्हटलं तर जीव गेल्यासारखं तोंड. सील तुटलं की माल पडून राहतो म्हणे. म्हणजे चप्पल पायात घालून बघायची आणि जी वस्तू दिवसाचे पाच तास हातात राहणार ती काचेतून बघायची. नको तुझं दुकान.

१६ सप्टेंबर

नेटवरचे रिव्ह्यू वाचले. सगळे लिहिणारे मोठाल्या हातांचे. माझा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर. असा हात जगात कुणाचाच नाही बहुतेक.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ऑनलाइन मागवलेला आला. "हाताला आराम देणारा", असं लिहिलं होतं. पाठीला एवढं मोठं कुबड की माझा तळवा त्याच्यावर चढून बसतो आणि बोटं हवेत. बाजूच्या बटणापर्यंत अंगठा पोचवायला हात सरकवावा लागतो. अर्ध्या तासात मनगटापासून कोपरापर्यंत ठणका. परत पाठवला.

आई दारातून — "पितरपक्षात नवी वस्तू आनतात का गो? आला तसाच गेला, बरा झाला." आईचं सगळं खापर पितरांवर. कुबड कंपनीने केलं, नाव आजोबांचं.

१९ सप्टेंबर

दुसरा आला. हा हलका, पण हलका कशाने, तर पाठीला चाळणीसारखी भोकं पाडून. त्या भोकांत काय काय जाईल, कल्पनेनेच अंगावर काटा आला. एक खवला बघून झालाय माझा. हाही परत.

बाबा आज बोटीवरून आलेले. हाही बॉक्स परत पॅक होताना बघत दाराशी बसले होते, जाळं सांधत.

"फोटो बघून घेतंस?"

"मग काय करू? दुकानात हात लावू देत नाहीत."

"हात लावल्याबिगर न्हाय घ्यायचा. आन् सकाली न्हाय जायचा. सकाली हात ताजा असतो, तवा सगलाच बरा लागतो. दमलेल्या हातानं धरून बग. तवा जो टोचत न्हाय, तो आपला."

मी म्हटलं, बाबा, हे जाळं नाहीये. ते म्हणाले, "हात तर तोच हाय ना." आणि पुन्हा सुई चालवायला लागले.

२१ सप्टेंबर, रविवार

घेतला!

रविवार असून दवाखाना अर्धा दिवस चालू होता. दुपारपर्यंत टायपिंग करून बोटं आखडलेली. तशीच अल्पेशकडे गेले. त्याला म्हटलं, आज एक नक्की घेणार, पण हातात धरल्याशिवाय नाही, आणि गुलाबी पुढे केलास तर तुझ्याच काउंटरवर आपटेन. तो हसला, मग मी हसत नाहीये हे त्याला दिसलं. आतून गिऱ्हाइकांनी उघडलेल्या माउसांचा खोका आणला.

सात धरले. पहिल्याची कड करंगळीला टोचली. दुसरा-तिसरा जड. चौथ्याचं चाक खरखर. पाचवा इतका गुळगुळीत की घामाच्या हातातून सटकला. सहावा छान, पण रबर. रबर नको, परत तो चिकटा नको. सातवा साधा काळा, कोरडं खरबरीत प्लास्टिक, एकसष्ट ग्रॅम, दिवे नाहीत, कान नाहीत. हात ठेवला आणि कुठे काही टोचलं नाही. उचलून आपटला, सरकवला, दोनशे वेळा क्लिक केलं. अल्पेश घड्याळाकडे बघत उभा. त्याच मॉडेलचा सीलबंद आणला.

घरी आले तर आई पितरांचं ताट वाढत होती. सर्वपित्री अमावस्या! मला काय ठाऊक. "चौदा दिस पितरपक्ष, आन् तुला आजच गावला?" आई ताट सोडून कपाळ धरून बसली. बाबा बॉक्सकडे बघत राहिले.

दमलेल्या हाताची गोष्ट खरी निघाली हे मी त्यांना सांगितलं नाही.

२४ सप्टेंबर

माउस चांगला आहे. तीन दिवस तक्रार शोधतेय. सापडत नाही. मनगट दुखत नाही, क्लिक एकाला एक. निकेत पण म्हणाला, "सुचेता, हाथ खुल गया तेरा."

पण आज खेळताना नीलेश सांगायला लागला, सगळे मिळून उत्तनला समुद्रावर गेले होते. "यार क्या बास मारता है वहाँ. लोग रहते कैसे हैं?" सगळे हसले.

मीही हसले. स्पष्ट ऐकू आलं मला माझं हसणं. थू.

२७ सप्टेंबर, शनिवार

घरात नियम केलाय. माझ्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही. आईला वाटतं मला वेड लागलंय.

संध्याकाळी बाबा खोलीत आले. बोट काल बंदराला लागली, अंघोळ झालेली, तरी बोटांच्या भेगांत तो वास असतोच, तो जात नाही. माउस उचलला. उलटा केला, खालचा दिवा बघितला. "एवढासाच? ह्याच्यावर तुजी नोकरी?" कौतुकानेच विचारत होते. मग ठेवला.

मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि माउस पुसला. त्यांच्यासमोर. ते जाईपर्यंत थांबायला हवं होतं. नाही थांबले.

३० सप्टेंबर

परवा ट्रायल. उद्या दवाखान्यातून आले की तीन तास सराव, मग लवकर झोप.

१ ऑक्टोबर, बुधवार. नवमी

सगळं क्रमाने लिहून काढते.

घरी आले, टेबलावर माउस नाही. बाहेर ओटीवर खंडेनवमीची पूजा मांडलेली. पाटावर बोटीची चावी, जीपीएस, जाळ्याची सुई, कोयता, आईची कोळंबीची सुरी, तराजू. दरवर्षीचंच. आणि मधोमध, सगळ्यांच्या पुढे, झेंडूच्या फुलावर — माझा माउस. उलटा. पोटाच्या मधल्या भोकात, जिथे सेन्सर असतो नेमकं तिथे, ओलं हळदकुंकू गच्च भरलेलं. वर अक्षता.

मी उचलायला वाकले तर आई ओरडली, पूजेतलं हत्यार दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही. मी उचललं. चालू केला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

बाबा पुढे आले. "काय झायला? पितरपक्षात घेतलंवतंस ना, दोष जावा म्हनून मांडला. खालून उजेड येतो ना त्याचा, म्हटला तेच त्याचा कपाल. म्हनून तिथं लावला."

मी काय बोलले ते लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं यातलं? कुणी सांगितलं होतं हात लावायला? ते घाणेरडे मासळीचे हात माझ्या वस्तूला लावायचे नाहीत, कितीदा सांगू? किळस येते मला.

शेजारच्या शांताबाई प्रसाद घेऊन पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. बाबा स्वतःच्या हातांकडे बघत होते, तळवे वर करून. कुंकू लागलेलं होतं बोटांना. मग म्हणाले, "बिघडला काय? होल का बरा?" एवढंच विचारलं.

मी दार लावून घेतलं.

त्याच दिवशी, साडेनऊ

कापसाची काडी, स्पिरिट, टाचणी. दीड तास. एक-एक कण काढला. भिंगावर ओरखडा नाही, नशीब. बाण हलला. आधी अडखळत, मग नीट. फक्त खालच्या फटीत लाल रेघ राहिलीय, ती जात नाही.

या सगळ्या हत्यारांमध्ये पहिल्यांदा माझं काहीतरी मांडलं होतं. इतकी वर्षं बाबा कॉम्प्युटरला "तो खेळ" म्हणायचे. हे मला आत्ता, काडी फिरवताना कळतंय. बाहेर जाऊन सांगावं. पण काय तोंडाने जाऊ? माझीच मला घाण वाटतेय. उद्या ट्रायल झाली की सांगेन.

२ ऑक्टोबर, दसरा, दुपार

झालं! घेतलं मला. तीन मॅच, दोनांत सगळ्यांच्या वर. माउस एकदाही अडला नाही. निकेतने हात मिळवला, पुढच्या सोमवारपासून ये म्हणाला.

नीलेशने माउस उलटा करून बघितला. "ये लाल क्या है?"

"नेलपॉलिश," मी म्हटलं.

इंद्रलोकहून घरापर्यंत तो शब्द तोंडात आंबट होत राहिला. बाबा बाहेर गेलेत, आल्याबरोबर त्यांना सांगायचं, आधी माफी, मग नोकरी.

२ ऑक्टोबर, रात्री

बाबा घरोघर सोनं देऊन आले. शांताबाईंच्या हातात दिलं, आईच्या हातात दिलं. माझ्या खोलीच्या दाराशी थांबले, आत आले नाहीत. आपट्याचं पान उंबऱ्यावर ठेवलं.

"हात धुतलेत," म्हणाले. "तरी तू पुसून घे."