दादाची शिट्टी

साकोली,
ता. १८ नोव्हेंबर १९८७

ती. रुखमिणीवहिनी यांस,
भैय्यालालचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. मायचे गुडघे सोडले तर तीही ठणठणीत आहे. धान कापून झालं, भारे बांधणं चालू आहे. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आटोपली. तिकडे पवनीला तुमचे बाबा श्यामराव यांचा खोकला कसा आहे ते कळवा.

तुमची दोन्ही पत्रं पोचली. दुसऱ्यात तुम्ही चांगल्याच तापल्या आहात, आणि ते बरोबरच आहे. लक्ष्मणराव भला माणूस आहे, बायको गेल्यापासून एकटा आहे, आणि तुमच्या मनातही आहे. पण दादाच्या मागं तुमचं दुसरं लग्न करायचं तर सासूचा, म्हणजे मायचा, शब्द मिळाल्याशिवाय पाट लावायचा नाही, असं तुमचे बाबा म्हणतात. तुम्ही मला एकच विचारलं, माय काय म्हणते? आणि मी महिनाभर गप्प. उत्तर देतो वहिनी, पण आधी माझं पुराण ऐकावं लागेल. सरळ बोलणं मला कधी जमलं?

दुकानात रेडिओ-टीव्हीची कामं आहेतच. पण दिवाळीआधी मी एक कंप्युटर घेतला. नागपूरच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा कंटाळला होता, त्यानं स्वस्तात दिला. वहीएवढा डब्बा आहे. टीव्हीला जोडायचा, लिहिलेलं टेपच्या कॅसेटवर ठेवायचं. मध्येच लाईन गेली तर सगळं स्वाहा. पानठेल्यावरचा बाबूलाल विचारतो, ‘याच्यात पिच्चर दिसते काय?’ नाही म्हटलं तर म्हणतो, ‘मंग कायले घेतला बे?’ आता त्याला काय सांगू! मला त्यात मजा येते, बस्स. आपण लिहिलेलं वाक्य तो डब्बा मुकाट ऐकतो. घरात दुसरं कोण ऐकतं माझं?

डब्ब्यासोबत त्या मुलानं इंग्रजी मासिकांचा गठ्ठाही दिला. त्यातल्या एका लेखानं माझी झोपच उडवली. जेनेटिक अल्गोरिदम म्हणतात त्याला. म्हणजे असं, की उत्तर आपल्याला माहीत नसलं तरी चालतं. मशीननं वाटेल तशी आठ-दहा उत्तरं काढायची, त्यातली दोन बरी आपण निवडायची. मशीन त्यांचा संकर करतं, कुठंकुठं आपल्या मनानं थोडं बदलतं, आणि नवी पिल्लं पुढं ठेवतं. पुन्हा निवडायचं. शिकवायचं काही नाही, फक्त हे बरं की ते बरं एवढं सांगायचं. मायला समजावलं तर ती म्हणाली, ‘अरे, आमी बियाण्याले लोंबी निवडतो तसंच तं हाय.’ तसंच आहे.

मी आधी त्यातून सूर काढत बसलो. मशीनला भोंगा आहे, पिपाणीसारखा वाजतो. मायनं ते ऐकलं आणि म्हणाली, ‘यादोची शिट्टी वाजवते का तुहा डब्बा?’

यादोरावदादाचं नाव तिनं कितीतरी दिवसांनी घेतलं होतं. मोहफुलं वेचायला नागझिऱ्याच्या वाघाच्या जंगलात गेलेला माणूस, आणि घरी आला नुसता त्याचा खांद्यावरचा दुपट्टा. तुम्हाला आठवते ना ती शिट्टी? तलावाच्या पाळीवरून दादा घराकडे वळला की वाजायची, आणि माय चुलीवर तवा ठेवायची. मी पुष्कळ प्रयत्न केला, मला वाजवता येईना. मायलाही गुणगुणता येईना. ‘आयकली तं ओळखीन,’ ती म्हणाली. मला वाटलं, अरे, हेच तर काम आहे या मशीनचं!

त्याच वेळी मी तुमचा विषय काढला. ती म्हणाली, ‘रुखमीचं मंग पाहू. आधी त्याची शिट्टी आन. ती एक डाव आयकली का मी तिले मोकळी करीन. माह्या जिभेनं सांगीन तिच्या बापाले.’ वहिनी, त्या दिवशी मी नाचायचा बाकी होतो. म्हटलं, आठवड्यात आणतो.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आम्ही मायलेक टीव्हीसमोर बसतो. आठ शिट्ट्या वाजतात. माय बोटं दाखवते, मी कळा दाबतो. पहिल्या तर नुसत्या बेडकाच्या ओरडण्यासारख्या होत्या, आम्ही दोघं हसत होतो. मग एकीला उंच चढण आली. मग मधला थांबा आला. दादा मध्ये दम घ्यायचा ना, तो! कोणीही शिकवला नव्हता, आपोआप आला. मला आनंद झाला आणि अंगावर काटाही आला. आमचं हसणं तिथंच बंद झालं. शेजारपाजारचे लोक संध्याकाळी पाळीवरून यायचं टाळू लागले. धनीराम तर तोंडावर म्हणाला, ‘मेलेल्याले बलावू नोको, भैय्या.’

आता खरं सांगतो.

गेल्या मंगळवारी ती आली. आठांतली पाचवी. चढण तीच, थांबा तोच, शेवटी खाली सोडून दिलेला सूर तोच. माझे हात कळांवरच राहिले. बाजूच्या अंगणातून गिरजाबाई ओरडली, ‘यादो आला का वो, देवकाबाई?’ ओरडली आणि तिचं तिलाच कळलं. दार लावल्याचा आवाज आला.

मी मायकडे पाहिलं. तिचा उजवा हात चुलीकडे गेला होता, तव्यापर्यंत. मग तिनं तो मागे घेतला आणि म्हणाली, ‘हे नाही. तिसरी घे अन् सातवी.’

तिसरी आणि सातवी, वहिनी! दोन्ही वाकड्या. मी म्हणायला हवं होतं, की माय, हीच आहे, गिरजाबाईनं ओळखली, तू ओळखली. पण मी तिसरी आणि सातवी दाबली. कॅसेटवरही ठेवली नाही. पाचवी गेली.

दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलं, ‘माय, तू काहून खोटं बोलली?’ ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘अरे, ती गवसली का मंग संपलं ना. आता कसा, तो येऊन रायला.’

बस, एवढंच. तेव्हापासून ती रोज चुकीची निवडते आणि मी रोज दाबतो. शिट्टी जवळ येते, आम्ही तिला हाकलून देतो. ती पुन्हा फिरून जवळ येते. नुसत्या मायला दोष देऊ नका. मलाही ती संपायला नको आहे. संध्याकाळ झाली की मीच आधी बटण लावतो. भीती वाटते, तरी लावतो. वहिनी, दादा गेला हे मला माहीत आहे, आणि त्याच्यावाचून मला करमत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. मायचा शब्द येणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. आम्ही दोघं तो येऊ देणार नाही. आमच्या भरवशावर थांबलात तर तुमचं आयुष्य या टीव्हीसमोर जाईल. थांबू नका. लक्ष्मणरावांना हो म्हणा आणि पाट लावा. तुमच्या बाबांना हे पत्र दाखवा. या घरातून कुणाचा शब्द हवाच असेल तर माझा घ्या. मी देतो.

तुम्ही लिहिलंत, की वैनगंगेच्या घाटावर तिन्हीसांजेला तुम्हालाही शिट्टी ऐकू येते आणि पाय अडतात. अडू देऊ नका. मागे वळून पाहू नका. ती आमच्या डब्ब्याची आहे असं समजा आणि पाणी घेऊन सरळ घरी जा.

पाटाच्या दिवशी मी येणार आहे. मायला सांगणार नाही. दीर म्हणून मला तिथं उभं राहता येणार नाही, म्हणून तुमच्या माहेरच्या बाजूनं उभा राहीन. तुम्ही नाही म्हणू नका.

दिवेलागण झाली. माय हाक मारते आहे, ‘लाव रे.’

तुमचा भाऊ,
भैय्यालाल