डावी पेटी, उजवी पेटी

बाबा, तुम्ही पेन्सिल विसरून गेले. अमरावतीच्या आमच्या घरात, उजव्या पेटीवर तुमची सुतारकामाची चपटी लाल पेन्सिल ठेवली आणि निघून गेले, ते अजून न्यायला आले नाहीत. माणूस मेला म्हणून काय इतकं विसरावं? कानावर पेन्सिल आणि घरभर शोधाशोध, ही तुमची जुनी खोड. माय न बोलता उठायची, तुमच्या कानावरची काढून तुमच्याच हातात द्यायची. आता ती तिकडेच आहे, तिनं तरी आठवण करून द्यायची. तर ती पेन्सिल आज माझ्या नातीनं चाकूनं तासली आणि त्याच पेन्सिलीनं ती हे लिहून राहिली आहे. मी सांगते, ती लिहिते. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते, कॉलेजात शिकवते ना. लिहू द्या. मला वाचता येत नाही, त्याचा फायदा घेते पोट्टी.

पहिले एक सांगते, रागावू नका. तुम्ही केलेल्या स्पीकरच्या दोन्ही पेट्या मागच्या महिन्यात आम्ही उघडल्या. पाठफळीचे स्क्रू काढले, सरस खरवडला आणि उघडल्या. "पेटी उघडायची नाही, उघडली की तिची हवा बदलते," हे तुमचं वाक्य मी माझ्या नवऱ्याला, पोराला, सुनेला, रेडिओ दुरुस्त करायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. बारीक आवाजाचा वेगळा छोटा स्पीकर जोडायचा होता, तेव्हाही तुम्ही त्याची निराळी डबी करून वर ठेवली, पण पेटीला हात लावू दिला नाही. मात्र आता आतल्या मोठ्या स्पीकरचा कागद फाटला होता. गाण्यात खरखर यायची, जशी जात्यात खडा आल्यावर येते. नातीला या गोष्टींचा भारी नाद. घरी येताना लोक मिठाई आणतात, ही तारा आणते. नवे स्पीकर आणले, नवा ॲम्प्लिफायर आणला, मोबाइलवरून हवेतून वाजणारा. जाड आवाज मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज छोट्याला वाटून देणारी एक पट्टीही आणली. मी म्हटलं, "म्हणजे चाळणी म्हण ना." ती म्हणाली, "आजी, क्रॉसओव्हर म्हणतात." मी म्हटलं, "कोंडा इकडं अन् पीठ तिकडं, चाळणीच झाली थे."

तुमचं अकोल्याचं दुकान मला अजून हाताला लागतं. दुकान कसलं, पुढच्या खोलीत रंधा आणि मागच्या खोलीत चूल. मी अकरा-बारा वर्षांची आहे, तुम्ही माझ्यासमोर दोन फळ्या ठेवता आणि म्हणता, "ठोक वं पोट्टे. कोणती चांगली?" मी बोटाच्या सांध्यानं ठोकते. एक फळी बोदी, दबकी बोलते, दुसरी मडक्यासारखी. "मडकं," मी म्हणते. तुम्ही हसता. शाळेत मला घातलं नाही, पण लाकूड ऐकायला शिकवलं. फट कुठं आहे, सरस कुठं सुटला, आत चीर आहे का, सगळं ठोकून. अख्ख्या अकोल्यात तुमच्यासारखा कान नव्हता. रेडिओवाले आपल्या पेट्या तुमच्याकडेच करून घ्यायचे. केसाएवढी फट निघाली तर तुम्ही अख्खी पेटी चुलीत घालायचे आणि माय म्हणायची, "चला, आज सागाच्या लाकडावर भाकरी."

मागच्या खोलीत ती उशीला टेकून बसलेली असायची. आडवं पडलं की दम लागायचा. तिच्या श्वासाला एक शिट्टी होती, घरात कुठंही बसा, ऐकू यायची. लाकडाचा भुसा तिच्या छातीत गेला असं आत्या म्हणायची, आणि आत्या काही तुमच्या मागं बोलणारी बाई नव्हती, तुमच्या तोंडावर म्हणायची. तुम्ही रंधा मारत राहायचे. माय गेली त्या दिवशी दुपारी तुम्ही रंधा खाली ठेवला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या घरात दोन आवाज होते आणि आता एकही नाही.

तेरवी झाली आणि आत्यानं मला सांगितलं, "मेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. गादी, उशी, वाकळ, सारं मोर्णेवर टाकून ये. मागं वळून पाहू नको." आता जे सांगते ते मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मी गादी परसात नेली, शिवण उसवली, आतला सगळा कापूस पोत्यात भरला आणि सरपणामागं लपवला. नदीवर टाकली ती नुसती खोळ. मी घरी आल्यावर आत्यानं विचारलं, "अन् उशी? उशी तं मले दिसलीच नाही." मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही रंध्याला पातं लावत होते, मान वर न करता म्हणाले, "नेली असंल कुत्र्यानं ओढून." आत्यानं मरेपर्यंत त्या उशीचा पिच्छा सोडला नाही. शेजारणीवर संशय घेतला, कामवालीवर घेतला. कुत्र्यावर कधीच घेतला नाही.

त्यानंतर तुम्ही स्वतःसाठी पेट्या करायला घेतल्या. आयुष्यभर लोकांच्या केल्या, आता आपल्या दोन. स्पीकरच्या खाली एक गोल भोक ठेवलं. आतून कापसाचा थर लावायचा, म्हणजे आवाज आतल्या आत आदळत नाही. तुम्ही मला पिंजाऱ्याकडे कापूस आणायला पाठवलं. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, थोडा वेळ उभी राहिले आणि परसातून पोतं घेऊन आले. तुम्ही एक मूठ काढली, नाकाशी नेली. तुम्ही म्हणाले, "जुना हाये." मग मूठ परत पोत्यात टाकत, "जुनाच बरा. नवा कापूस लय उड्या मारते." डावी पेटी आपण दोघांनी भरली. उजवी तुम्ही एकट्यानं भरली, मी आत भाकरी करत होते तेव्हा. मी बाहेर आले तोवर पाठफळी बसली होती, सरस लागला होता.

पहिल्यांदा वाजवलं तो दिवस माझ्या तळहातावर आहे. रेडिओवाल्याचा ॲम्प्लिफायर मागून आणला होता. ढोलकीचा जाड ठोका आला आणि तुम्ही माझा हात डाव्या पेटीच्या भोकापुढं धरला. हवा आली हाताला. "पाह्य," तुम्ही म्हणाले, "पेटी श्वास घेऊन राहिली." जाड आवाज फार चढला की त्या भोकातून बारीक शिट्टी यायची. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही, मी तुमच्याकडे पाहिलं नाही.

माझ्या लग्नात तुम्ही त्याच पेट्या दिल्या. सासूबाई म्हणाल्या, "लोकाइच्या घरून आलमारी येते, आमच्याकडं दोन खोके आले, थेही बंद." मग संध्याकाळी वाजवल्या आणि गल्लीतल्या बाया अंगणात येऊन बसल्या, तेव्हापासून सासूबाई त्यांना 'आमच्या पेट्या' म्हणायला लागल्या. तुम्ही महिन्या-दोन महिन्यांनी अकोल्याहून यायचे, बडनेऱ्याला उतरायचे आणि तिथून आमच्याकडे. चहाच्या आधी पेट्यांसमोर पाट टाकून बसायचे, डोळे मिटून. मग आपलं भांडण. "डावी गोड," मी म्हणायची. "उजवी," तुम्ही म्हणायचे. उजव्या पेटीत एक खोट होती. जाड ठोक्यावर आत कुठंतरी बारीक 'किण्' व्हायचं, काचेच्या बांगडीला नख लागावं तसं. मी म्हणायची, "बाबा, तुमची उजवी खुळखुळते." तुम्ही म्हणायचे, "खुळखुळू दे." केसाएवढ्या फटीसाठी पेटी चुलीत घालणारा माणूस, "खुळखुळू दे" म्हणतो! मला राग यायचा. डाव्या पेटीत मी काय ठेवलं होतं ते तर मला माहीत होतं. त्या पेटीला तुम्ही कमी म्हटलं की मला वाटायचं, मायलाच कमी म्हणून राहिले.

शेवटच्या खेपेला तुम्ही आले तेव्हा तुम्हाला ऐकू कमी येत होतं. पाटावरून सरकत सरकत तुम्ही थेट उजव्या पेटीला कान लावला. तुमचे जावई शेजारी बसलेले. तुम्ही डोळे मिटून म्हणाले, "उजवीच." आणि मी, चुलीपाशी भाकरी थापता थापता, जावयासमोर म्हणाले, "बाबा, तुमचे कान गेले आता."

तुम्ही पेटीवरून कान काढला. म्हणाले, "असंल बाई." जन्मभर मला पोट्टे म्हणणारे तुम्ही, त्या दिवशी बाई म्हणाले. कानावरची पेन्सिल काढली आणि उजव्या पेटीवर ठेवली, दिवस संपल्यावर सुतार अवजार ठेवतो तशी. मी दर वेळी कोपऱ्यापर्यंत पोचवायला यायची, त्या दिवशी तव्यावर भाकरी होती म्हणून उठले नाही. भाकरी काही जळत नव्हती, बाबा. पोळ्याच्या आधी अकोल्याहून निरोप आला.

तेव्हापासून ते तुमचं 'असंल बाई' या घरात राहते. पेट्या लावल्या की गाणं सुरू व्हायच्या आधी एक क्षण नुसतीच गुणगुण येते, तिच्यात राहते. मी स्वयंपाकघरात असले तरी मला पाटावर कोणीतरी सरकल्यासारखं वाटते. डाव्या भोकातून मायचा श्वास, आणि समोर तुम्ही. दोघंही घरात आणि दोघांनाही माझ्याशी बोलायचं नाही. सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, वायरिंग जुनं आहे."

मागच्या महिन्यात नातीनं आधी डावी उघडली. मी खुर्ची घेऊन जवळच बसले होते. कापूस पिवळा पडला होता, तरी ओळखला. "आजी, हा फेकू ना? मी नवा थर आणलाय." मी म्हटलं, "हात लावशील तं पाह्य." ती घाबरली, थोडी. मग उजवी उघडली आणि वाकून आत पाहिलं. म्हणाली, "आजी, यात कापूस नाही लावलेला. यात उशी आहे."

मला डोळ्यानं कमी दिसते, म्हणून मी हातानं पाहिलं. खोळीसकट अख्खी उशी, चारही कोपरे बारीक खिळ्यांनी ठोकलेले. एका कोपऱ्याला गाठ. लहानपणी दात येत होते तेव्हा मी तो कोपरा चावून फाडला होता आणि मायनं गाठ मारून दिली होती. पेटीच्या तळाला, खोळीतून निसटून पडलेला, तिच्या अंबाड्याचा आकडा होता, लोखंडाचा, गंजलेला. नातीनं फळीला धक्का दिला. 'किण्.'

तिनं पाणी आणलं. मी म्हटलं, "उशी ओढून नेणारा कुत्रा सापडला." तिला काही कळलं नाही. मग मी तिला सगळं सांगितलं, गादीचं, पोत्याचं, पिंजाऱ्याचं, आणि चुलीपाशी मी तुम्हाला काय बोलले तेही. ती फिजिक्सवाली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्यांना ऐकू येत होतं." हो ना. तुम्हाला तो 'किण्' पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता, तेवढ्यासाठीच तुम्ही कान लावून बसत होते. आणि कापूस नाकाशी नेला तेव्हाच माझी गादीही तुम्ही ओळखली होती. म्हणजे इतकी वर्षं मला सगळं माहीत आहे असं मी समजत होते, आणि सगळं माहीत होतं तुम्हाला. एकदा तरी बोलायचं होतं, बाबा. मी तरी कुठं बोलले म्हणा.

डावीचा कापूस आणि उजवीची उशी गच्चीवर उन्हात दिली, वेगवेगळ्या चादरींवर. नात म्हणाली, "उशी उसवून सारा कापूस मिसळून दोन्हीत सारखा भरू? आवाज सारखा येईल." मी नाही म्हटलं. गादी डाव्या पेटीत, उशी उजव्या पेटीत, आकडा तळाला, जसं होतं तसं. नवे स्पीकर बसले, चाळणी बसली. तिनं मोबाइलवर कसल्या रेघा काढून पाहिल्या आणि म्हणाली, दोन्ही पेट्या सारख्याच वाजतात, फक्त उजवीत एक रॅटल आहे, ते काढायला हवं. मी म्हटलं, "खुळखुळू दे."

आता ती विचारते, वर पत्ता काय लिहू. पत्ता कसला, तुम्ही राहता तिथं पोस्टमन जात असता तर मी केव्हाच धाडलं असतं. नव्या स्पीकरच्या वजनानं डावी पेटी एका पायावर डुगडुगते. या कागदाची घडी करून तिच्या पायाखाली घालायला सांगते. कामी तरी येईल. तुमची पेन्सिल उजव्या पेटीवर परत ठेवते. थोडीच उरली आहे.

एक राहिलं. हे नातीलाही आत्ताच कळून राहिलं, म्हणून तिचा हात थांबला, लिही वं. घरात कोणी नसलं की मी पेट्या लावायची आणि तळहात उजव्या भोकापुढं धरायची. डाव्या नाही. तो 'किण्' यायची वाट पाहत. उजवीच गोड होती, मला तेव्हाही ऐकू येत होतं.

तुमच्यानं धाडणं झालं तर मायच्या हातचे कढीगोळे धाडा. तिला सांगा, गोळे मऊ कर, आपल्या पोट्टीचे दात गेले. तिखट मात्र कमी करू नको म्हणा.