दादाचं ‘राहू दे’

ता. ११ मार्च

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं टेकतात, तेवढं गोड मानून घ्या.

एक गंभीर तक्रार आहे. दादाच्या गॅलरीतल्या या प्रदर्शनात चित्रांखालच्या नावाच्या पट्ट्या छापणाऱ्यानं ‘शीर्षकहीन’मधला ‘क’ खाल्ला. माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तराच्या डोळ्यांदेखत अकरा चित्रं ‘शीर्षहीन’ झाली. अकरा मुंडकी उडाली, तरी पाहुणे माना डोलावत होते!

बाकी गॅलरी जोरात. शिंप्याच्या बंद दुकानात पहिलं प्रदर्शन भरवलं तेव्हा सात माणसं आली होती. त्यातली दोन पँट आखूड करायला. आता दादा चित्रासमोर ‘राहू दे’ म्हणाला, की चित्रकाराचं नशीब उघडतं. तुम्हाला बघून आल्यावरही घरी एवढंच म्हणाला होता. आईला वाटलं, नकार. बिचारी दोन दिवस हळहळली. पुढं चित्रं तुम्ही दोघं मिळून निवडलीत, निमंत्रणांवर नाव त्याचंच. म्हणूनच तुम्ही लेकीकडे राहायला का गेलात, हे मी कधी विचारलं नाही.

मंगळवारी एक चित्र चौकटीसाठी उतरवलं होतं. भिंतीवर नुसता खिळा. दादा हात मागे बांधून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “राहू दे.” मदतनीस मुलीनं ते वहीत टिपूनही घेतलं.

जिन्यात त्यानं माझा दंड धरला. “काय होतं रे तिथं?”

“खिळा.”

“मग बरोबरच आहे. खिळा राहू दे.”

दोघंही हसलो. पण वहिनी, वर्ष झालं, त्याला समोरचं दिसत नाही. कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही. मी कानाशी वर्णन करतो, तो निवाडा देतो. तुम्हाला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती. ती आज मोडली.

गेल्या महिन्यात एक चित्रकार बाई सहा वर्षांचं काम घेऊन आल्या. मला शाळेची घाई. “करड्या रेघा आहेत, सगळ्या सारख्याच,” असं पुटपुटलो. दादा म्हणाला, “नको.” त्या चित्रं गुंडाळायला लागल्या, तेव्हा मी नीट पाहिलं. रेघा नव्हत्या त्या. माणसं होती, पाठमोरी, वाट बघत बसलेली. मी बोललो असतो तर दादाचं बिंग फुटलं असतं.

तुम्ही या. त्याच्यासाठी नको वाटत असेल, तर त्या बाईंसाठी या. तो माझ्या शब्दांवरून माणसांची आयुष्यं ठरवतो आहे, आणि मला चित्रातलं काही कळत नाही. मला भीती वाटते.

तुमचा,
धाकटा दीर