आईचा पांढरा रुमाल

अदेरितोदादा,

मला क्लबने कोचपदावरून काढलं. खेळाडू होतो तेव्हा याच मैदानावर लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं. रविवारी हरत होतो तेव्हा त्यांनीच पांढरे रुमाल हलवले. कोच नकोसा झाला की आपले लोक असंच करतात, पोर्तुगाल सोडलंस तरी विसरला नसशील.

आई पहिल्यांदाच मॅचला आली होती. सगळ्यांचं बघून तिनेही रुमाल काढला आणि फातिमाच्या यात्रेत मेरीमातेच्या मूर्तीला निरोप देताना हलवते तसा, डोळ्यांत पाणी आणून हलवत राहिली.

घरी आल्यावर म्हणाली, "मेल्या, लोक एवढा जीव लावतात आणि तू खाली मान घालून चाललास? माझा रुमाल तरी दिसला का?"

"दिसला, आई."

तेव्हापासून रोज सरावाला जातो सांगून निघतो आणि बंदरावर बसून राहतो. दादा, येत्या रविवारच्या मॅचच्या आत तिला फ्रान्सला बोलावून घे, काहीही कारण सांग. पण पत्र मिळताच तू तिला फोन करून सगळं बोलून टाकशील, म्हणून हे टाकवतही नाही.

ती जुनी चादर फाडून मोठा रुमाल शिवतेय. म्हणते, तुला लांबून दिसायला हवा.

तुझा,
झेफेरिनो