खोक्याचं झाकण बसेना

गुरुवार, ता. ९ नोव्हेंबर
सकाळचे साडेअकरा, दुकानातल्या घड्याळाप्रमाणे

चि. धाकटीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुला एक आई आहे. बुटकी, एका कानाने कमी ऐकणारी, थोरल्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. आठवली का? नसेल आठवत तर घरात शोध घे, खेळातलं वाळूचं घड्याळ सापडेल. ते आमचं आहे. खेळ आम्हाला भेट दिलास आणि घड्याळ स्वतःच्या पिशवीत घालून चालती झालीस. शाळेत जाताना डबा न चुकता घ्यायचीस आणि दप्तर विसरायचीस, त्यातलाच प्रकार. आता वेळ मी मोजते. वीसपर्यंत येतं मला. आपण बुडायला आलो की सावकाश मोजते, सूनबाईची पाळी आली की जरा भरभर.

इकडे सर्व ठीक. तुझ्या दादाच्या लिफ्ट बंद पडताहेत, म्हणजे त्याचं काम जोरात आहे. वहिनी दातांच्या दवाखान्यात पेशंटांना नंबर देते आणि घरी येऊन आम्हालाही नंबर देते. वटवट बारा वर्षांची झाली. तिचं खरं नाव आता फक्त शाळेला ठाऊक आहे. माझा गुडघा होता तिथेच आहे.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. माझी पत्रं वटवट लिहिते, पण आज मी खालच्या चष्मेवाल्याकडून लिहून घेते आहे. घरी सांगून आले की चष्म्याची काडी सैल झाली. काडी मीच सैल केली. हा गृहस्थ लिहिण्याआधी म्हणाला, तुम्ही सांगाल तेच लिहीन आजी, पण शुद्ध लिहीन. मी म्हटलं, शुद्ध लिही, पण कमी लिहू नकोस. मला वाचता येत नसलं तरी मापता येतं. मी चार बोटं बोलले आणि कागदावर एकच बोट उमटलं तर मी उठणार. आता तो हसतोय. हेही लिही म्हटलं.

तर धाकटे, सरळ विचारते. मागची तीन पत्रं तू लिहिलेली नाहीत ना?

मला पहिला वास आला तो घडीमुळे. तीस वर्षं मी धुलाईच्या कारखान्यात घड्या घातल्या. अडीचशे घरांच्या चादरी, कोणती कुणाची ते कोपऱ्यातल्या दोऱ्यावरून आणि घडीवरून सांगायचे. सुट्टीत तू तिथे माझ्याबरोबर यायचीस. तुला मी तीन पदरी घडी शिकवली, आणि तू रुमालापासून पत्रापर्यंत सगळ्याची तीच घालतेस. ही तीन पत्रं वटवट स्वतःकडेच धरून वाचते, अक्षर मला दिसू देत नाही, पण घडी दिसली. चार पदरी होती. कडेला कड जुळवून, नखाने दाबून. नखाने दाबतो तुझा दादा. लिफ्टच्या वायरीवर चिकटपट्टी दाबायची सवय आहे त्याला.

दुसरं म्हणजे पत्रांतला गोडवा. तिन्ही पत्रांत तू मला एकदाही टोमणा मारला नाहीस. ‘आई, तू जिवाला जप,’ म्हणे. तू असं कधी म्हणालीस? तू म्हणतेस, गुडघा दुखतो तर जिने कशाला मोजतेस, बस ना एका जागी.

तिसरं, वटवटीचे डोळे. खेळाची पानं ती माझ्या कानात वाचते तेव्हा तिचे डोळे उंदरासारखे पळतात, कडेला जातात, परत येतात. तुझं पत्र वाचताना ते एका जागी थांबतात आणि मधूनच वर छताकडे जातात. छतावर काय लिहिलंय? आठवड्याने मी तिला तेच पत्र पुन्हा वाचायला लावलं. पहिल्यांदा तुझ्या खिडकीला निळा रंग दिला होता, दुसऱ्यांदा हिरवा झाला. मी फक्त म्हटलं, रंग लवकर वाळला.

आणि पत्र वाचून होतं न होतं तोच दादा म्हणतो, चला, होडी काढा. मी प्रश्न विचारायच्या आत पट मांडलेला.

हा खेळ मला सुरुवातीला पटला नव्हता, तुला ठाऊक आहे. मी विचारलं होतं, यात हरवायचं कुणाला? तू म्हणालीस, कुणालाच नाही आई, सगळ्यांनी मिळून खेळाला हरवायचं. एकच होडी, सहा प्रवासी, समोर किनारा, मागून धुकं. प्रत्येकाच्या हातात खुणेची पानं. ज्याला जे ठाऊक ते त्याने सांगायचं, पण पान दाखवायचं नाही. तरलो तर सगळे, बुडालो तर सगळे. आणि ते बोटाने तोंड झाकलेल्या बाईचं पान आलं की तीन पाळ्या गप्प बसायचं. मला ते आलं की घरात आनंदीआनंद.

वाचता येत नाही म्हणून माझी पानं वटवट वाचते, पण खडकांचे तुकडे जुळवायचे काम माझ्याकडे. कोपरा पाहिला की कुठे बसेल ते मला कळतं. पण अलीकडे आम्ही सारखे तरतो आहोत. याचाही मला संशय आला. हे तिघं टेबलाखालून एकमेकांना पाय मारतात. परवा एक लाथ चुकून माझ्या दुखऱ्या गुडघ्याला लागली. मी म्हटलं, ही खूण माझ्यासाठी होती का? दादा म्हणाला, आई, तुला फार संशय येतो. मी म्हटलं, अडीचशे घरांची एकही चादर बदलली नाही ती संशयामुळेच.

तू होतीस तेव्हा मात्र आम्ही बुडलो होतो. दोन घरांवर किनारा होता आणि तू उठून गेलीस. सकाळची गाडी होती म्हणून. असो.

चष्मेवाला विचारतो आहे, असो म्हणजे काय लिहू? असो म्हणजे असो लिही.

आता मुद्द्याचं. तीन आठवड्यांपासून खेळ आवरायला मला कुणी हात लावू देत नाही. माझं ते काम. तुकडे एकीकडे, होडी खाचेत, पानं रबर लावून. पण दादा म्हणतो, तू दमलीस, आणि वर खोक्याला सुतळी बांधतो. सुतळी कशाला? होडी पळून जाणार आहे का? आणि खोका कपाटावर ठेवला की मला खालूनही दिसायचं, झाकण पूर्ण बसत नाही. नखभर वर राहतं. आधी बसायचं. आत काहीतरी वाढलं होतं.

आज सकाळी तिघं बाहेर पडली तशी मी स्टुलावर चढले. रागावू नकोस, आता उतरले आहे. सुतळी सोडली. सगळं जागच्या जागी होतं. मग खाचांचा तो पुठ्ठा उचलला, ज्यात होडी बसते. त्याच्या खाली एक कागद. तीन पदरी.

घडी तुझी होती, पण वाकडी. तू वाकडी घडी कधी घालत नाहीस. उघडून पाहिलं. मला अक्षर कळत नाही, पण तुझं अक्षर कळतं. नकाशांच्या कचेरीत दिवसभर बारीक नावं लिहिणारी पोर तू, मुंग्यांची रांग चालावी तसं लिहिणारी. या कागदावर मुंग्या नव्हत्या. सहा-सात मोठी, थरथरती, ओळ सोडून गेलेली वेडीवाकडी वाक्यं. वटवट पहिलीत असताना असं लिहायची.

तो कागद आत्ता माझ्या मांडीवर आहे. चष्मेवाल्याला अजून दिलेला नाही. पत्र मला नाही, हे मला समजतं. मला असतं तर होडीखाली गेलं नसतं. दुसऱ्याचं पत्र वाचून घेऊ नये हेही समजतं. पण खेळाच्या खोक्यात जे आहे ते खेळातलं, आणि मी खेळाडू आहे.

दिला.

मध्ये लिहिणं थांबलं होतं. चष्मेवाल्याने मला पाणी दिलं आणि दुकानाची पाटी उलटी करून आला. गिऱ्हाईक येऊ नये म्हणून. त्याने दोनदा वाचलं. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत होते. ते छताकडे गेले नाहीत.

तुला तुझेच शब्द परत ऐकवते, म्हणजे मला खरं वाचून दाखवलं का ते तुलाही कळेल. ‘दादा, हे डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा आता पेन धरत नाही. डॉक्टर म्हणतात नस आहे, वेळ लागेल, कदाचित इतकंच राहील. नोकरी मी सोडली नाही, हाताने सोडवली. आईला सांगू नकोस. तिला माझी पत्रं हवी असतात. तू लिही माझ्या नावाने.’

धाकटे, मी सगळ्यांवर संशय घेतला. दादाच्या नखावर, सूनबाईच्या पायावर, वटवटीच्या डोळ्यांवर, चष्मेवाल्याच्या पेनावर. तुझ्या हातावर घेतला नाही. आणि तो माझ्या डोळ्यांसमोर होता. त्या दिवशी तू चहाचा कप डाव्या हाताने उचललास, मी पाहिलं. पानं मांडीवर ठेवून खेळत होतीस, पाहिलं. होडी किनाऱ्याकडे सरकवताना ती तुझ्या बोटांतून पडली आणि सगळे तुकडे विस्कटले, तेही पाहिलं. आणि मी काय म्हणाले?

आता लिही रे, असो नको लिहूस.

मी म्हणाले, ‘नोकरी अर्धी सोडलीस, आता होडीसुद्धा हातून सोडतेस. शेवटपर्यंत काही नेलं आहेस का कधी?’ सगळ्यांसमोर म्हणाले. तू उजवा हात पदराखाली घेतलास आणि उठलीस. मला वाटलं राग आला. सकाळची गाडी होती असं मी वर सांगितलं ते खोटं आहे, गाडी दुपारची होती. तू स्टेशनवर चार तास बसलीस असणार, खेळातलं घड्याळ पिशवीत घेऊन.

तीस वर्षं डाग कुठे आहे ते लांबून ओळखणारी बाई मी. जाऊ दे. माझं चुकलं, एवढंच लिही म्हटलं याला. तो म्हणतो, आजी, हे मी शुद्ध करत नाही, आहे तसंच ठेवतो.

आता ऐक. लिहिता येत नाही म्हणून तू लपून बसलीस, आणि कुणापासून? मला एकाहत्तरावं सरतंय आणि मी एक अक्षर लिहिलेलं नाही. तरी तुझ्या तोंडाला तोंड देते ना? तोंड शाबूत असलं की पत्र होतं. शेजारी कुणी लिहिणारं पकड आणि सांगत जा. फक्त त्याच्यावर नजर ठेव. आणि टोमणे सांगायला लाजू नकोस, लिहिणाऱ्यांना सवय होते. पत्र या चष्मेवाल्याच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक. माझी काडी दर गुरुवारी सैल होणार आहे.

घरी मी काही बोलणार नाही. कागद होता तसा पुठ्ठ्याखाली जाईल, सुतळीला दादाचीच गाठ बसेल. रविवारी तुझं चौथं पत्र येईल, चार पदरी, आणि वटवट छत वाचून दाखवेल. तिघं मिळून मला इतक्या जपून किनाऱ्याला नेताहेत की त्यांना बुडवायचं मन होत नाही. तोंड झाकलेल्या बाईचं पान मी धरलं आहे असं समज. तीन पाळ्या गप्प बसेन. तीन रविवार. त्याच्या आत तू ये. दोन घरं राहिली होती, ती राहिलीच आहेत. होडी मी सरकवीन, कुठे ते तू सांग.

येणं जमत नसेल तर तसं कळव, मीच गाडीत बसते. दुपारच्या.

तुझी,
आई
(निशाणी अंगठा. शाई चष्मेवाल्याची, अंगठा माझा.)

ता. क. खोटं पत्र कोणीही लिहितं, म्हणून मला खायला पाठव. ती तुझी दुधातली बिस्किटं, डबाभर. वाटीने गोल कापायची नाहीत, हाताने थापायची, आणि भाजायच्या आधी प्रत्येकावर तुझा डावा अंगठा दाबायचा. वाळूचं घड्याळ डब्याच्या तळाशी घाल, वरून रुमाल, तीन पदरी, वाकडा चालेल. अंगठा नसलेलं एक जरी बिस्कीट निघालं, तर ते बाजारचं समजून तुझ्या दादाला देईन आणि तू पुन्हा डबाभर करून पाठवायची.