खालचं वाढलं का?

९ नोव्हेंबर १९५५

आलो एकदाचा! चिंचवड स्टेशनवर उतरलो, टांग्यात ट्रंक टाकली आणि कासारवाडीपर्यंत दोन्ही बाजूंची ज्वारी बघत आलो. आम्ही वेंगुर्ल्याची माणसं, समोर समुद्र नसला की चुकल्यासारखं होतं. पण गंमत म्हणजे इथे समुद्र माझ्याआधीच येऊन बसलाय, तोही बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात.

पुण्याच्या डॉक्टर सबनीसांनी हा कारखाना भाड्याने घेतला आहे. एका परदेशी जहाजाने खोल समुद्राच्या तळाचा गाळ उपसला, तो त्यांनी मुंबई बंदरातून आतल्या प्राण्यांसकट आणवला आणि बर्फाच्या जुन्या हौदात खाऱ्या, गारठलेल्या पाण्याखाली अंथरला. पिंपरीत औषधांचा कारखाना सुरू झाल्यापासून साहेबांना वाटतंय, या गाळातूनही एखादं औषध निघेल. हौदाची देखरेख माझ्याकडे. आधीचे लक्ष्मणराव नोकरी सोडून गावी गेले म्हणे. माडीवरची त्यांचीच खोली मला मिळाली, फक्त भिंतीतल्या कपाटाची किल्ली हरवली आहे. संक्रांतीनंतर कुसुमला आणीन. लग्नाला वर्ष व्हायच्या आत स्वतःचं बिऱ्हाड! फार खूश आहे मी आज.

१२ नोव्हेंबर

तळाकडे कितीही वेळ बघत बसलो तरी कंटाळा येत नाही. समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे लांबट, मऊ जीव, गाळ खात खात सरकतात आणि मागे टाकत जातात; खालचं वर, वरचं खाली. बारीक हातांचे तारामासे गाळाबाहेर नुसती बोटं काढून बसलेले असतात. वरच्या पाण्यात जे जे मरतं त्याची भुकटी भुरभुरत खाली येते, तीच यांची शिदोरी. हे जीव नसते तर गाळ गुदमरून सडला असता. अख्ख्या समुद्राची झाडलोट ही मंडळी काळोखात, गारठ्यात बिनबोभाट करतात. साहेबांची सक्त ताकीद आहे, वरून काही टाकायचं नाही. गाळातलं त्यांना पुरतं.

माणसं दोनच. कॉम्प्रेसर सांभाळणारा कादर मिस्त्री, आणि माझा स्वयंपाक, झाडलोट करणारी गावातली शालनबाई. ती हौदाच्या खोलीत पाऊल टाकत नाही. संध्याकाळी घरी जाताना दारातूनच ओरडते, "सायेब, खालचं वाढलं का?" शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला प्राण्यांच्या वाढीची केवढी काळजी! मीही थाटात सांगतो, वाढलं हो, बोटभर वाढलं. मग ती समाधानाने जाते.

१७ नोव्हेंबर

कादरचं लक्षण मला ठीक दिसत नाही. फडक्यात काहीतरी लपवून आणतो आणि मी जेवायला वर गेलो की हौदाशी जातो. आज जिन्यातून गुपचूप पाहिलं. मला बघताच फडकं पाठीमागे. विचारलं तर म्हणे तेल पुसायचं फडकं. तेलाला मासळीचा वास कधीपासून यायला लागला? हा गाळातलं काहीतरी उचलून विकत असणार. आम्हाला काय बनवतोस, मासळीचा वास आम्ही जन्मापासून ओळखतो.

२१ नोव्हेंबर

आज एका काकडीने गाळातून किल्ली वर काढली. छोटी, पितळी, तिला जानव्याचा तुकडा बांधलेला. लांब चिमट्याने उचलली. सहज म्हणून माडीवरच्या कपाटाला लावून बघितली तर लागली.

आत लक्ष्मणरावांची धोतरं, कोट, वहाणा, दाढीचं सामान. गावी जाणारा माणूस हे सगळं टाकून जातो होय? आणि जानव्यातली किल्ली आंघोळीलाही अंगावरून सुटत नाही. किल्ली कादरला दाखवली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. एवढंच म्हणाला, "साहेब, हौदावर वाकत जाऊ नका." सरळसरळ धमकी. मी घाबरलो, पण त्याहून जास्त संतापलो.

२४ नोव्हेंबर

साहेब आले. त्यांना सगळं सांगितलं. पोलिसांचं नाव काढताच ते गडबडले, लक्ष्मणराव विसराळूच होते वगैरे म्हणाले. पण कादरला तिथल्या तिथे काढलं. आता कॉम्प्रेसरही मीच बघतो.

कादर जाताना शालनबाईशी काहीतरी कुजबुजला. तीही त्याला सामील असेल का? आणि साहेब का गडबडले? इथे कुणावर विश्वास ठेवावा कळत नाही. संध्याकाळी शालनबाईने विचारलं, वाढलं का. वाढलं, म्हटलं.

२९ नोव्हेंबर

काकड्यांनी गाळ खाणं सोडलं. सगळे जीव एका बाजूला गोळा झालेत, जिन्याच्या बाजूला. मी पलीकडे गेलो की सावकाश पलीकडे वळतात. तारे भिंतीला चिकटून वर सरकताहेत—पाण्याच्या काठापर्यंत. असं कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

शालनबाईने विचारलं. वाढलं म्हणालो. खरं तर वाढ थांबली आहे, पण तिला काय करायचंय?

२ डिसेंबर

जिन्याच्या खालच्या पायरीवर ओला गाळ. खारट वास. सकाळी पुसला, दुपारी पुन्हा—वरच्या पायरीवर. शालनबाईने ठेवला नसेल ना, मला पळवून लावायला?

आणि कुसुमची तार. संक्रांतीपर्यंत करमत नाही, उद्याच येते. तिला थांबवायलाही वेळ नाही.

३ डिसेंबर

कुसुम आली. इतका आनंद आणि इतकी धास्ती एकदम कधी वाटली नव्हती. टांग्याच्या हिसक्याने तिची एक हिरवी बांगडी गेली. मी म्हटलं, फुटली. तर माझ्यावरच रागावली—फुटली काय, वाढली म्हणावं. लगेच पदर खोचून खोली झाडायला घेतली.

खाली हौदाकडे जायचं नाही, एवढंच तिला सांगितलं. कारण सांगायची लाज वाटली. उद्या कादरला गाठून सगळं वदवून घेतो.

४ डिसेंबर

पिंपरीत कादरचं घर सापडलं. शिव्या देईल वाटलं, त्याने चहा पाजला. म्हणाला—फडक्यात मासळीची डोकी असत. लक्ष्मणरावांनीच ओळखलं होतं, वरून काही पडत राहिलं तर हे जीव तळाशी राहतात. साहेबांचा हुकूम मोडायचा म्हणून चोरून. कादर उरुसाला गेला, लक्ष्मणराव तापाने पडले, तेवढे दिवस काहीच पडलं नाही. मग लक्ष्मणराव बघायला वाकले. साहेबांना सगळं ठाऊक आहे.

मग त्याने विचारलं, आता रोज वाढता ना? शालनला बजावून आलोय, ती विचारते ना रोज?

मी म्हटलं, ती तर प्राण्यांच्या वाढीचं—

कादरने कप खाली आदळला. "ती वाढ न्हाई हो साहेब! ताट वाढतात तसं!"

मी रोज हो म्हणत होतो. रोज.

सायकल हाणत आलो. कुसुम खोलीत नव्हती. शालनबाई दारात, हसतमुख. म्हणाली, "बाईसायेबांनी इचारलं, खालचं म्हंजी काय वो. मी म्हनलं, रोज वाढावं लागतंया. ताट घिऊन गेल्या बगा, लई गुनाची बाई."

जिन्यावर ताट पालथं. पायऱ्या कोरड्या. तारे तळाशी परतलेले. काकड्या सरकत होत्या, सावकाश. गाळ सारवल्यासारखा—

७ डिसेंबर

पोलीस येऊन गेले. साहेबांनी त्यांना सांगितलं, रुसून गावी गेली असेल.

गावी. लक्ष्मणरावांसारखी.

कादर डोकी घेऊन आला होता. टाकू दिली नाहीत. हाकलला. आता यांना का वाढायचं?

११ डिसेंबर

आज वर आली. हिरवी काच. काकडीने हळूच बाजूला ठेवली—

वही काठावर ठेवून लिहितोय. चिमटा नको. चिमट्याने तिची बांगडी—नको. थोडं वाकलं की हात पोचेल—

सगळे या बाजूला आलेत. भिंतीवर. काठावर. वहीच्या कडेला एक बारीक बोट—

शालनबाई दारात. रडतेय. रडत रडत विचारतेय, सायेब, वाढलं का—

हो म्हणू की—