फळीवरून पडलेला रेडिओ

१४ जून, दुपार

प्रिय ताई,

मी बरा आहे. तूही बरी असशील असं पुढे लिहायची सवय आहे. आज लिहून खोडलं.

तू पाठवलेला रेडिओ बोलायला लागला. रेडिओ दुरुस्तीचं दुकान अजून तेच आहे, सोडलेलं नाही, हस बघू. मध्ये एका बोटीवर रंगारी हवा होता, मी निघालोच होतो, पण ते नंतर. तर रेडिओ. उघडला तर एक रेझिस्टर कोळसा झालेला, रंगाचे पट्टेच गेलेले. पट्टे नसले की तो किती ओहमचा ते कळत नाही. मग खरवडायचा, जळक्या जागेपर्यंत मीटरने इकडून मोजायचं, तिकडून मोजायचं आणि बेरीज करायची. माझी बेरीज तुला माहीत आहे. दुकानाच्या उस्तादांनी टपली मारली. नवा लावणार तेवढ्यात म्हणाले, "थांब रे शहाण्या. हा आपणहून जळत नाही. याला कोणी जाळला ते शोध, नाहीतर नवाही जळेल."

शोधलं. बोर्डावर तांब्याच्या दोन रेघा जोडणारा तपकिरी डाग वाळला होता. उस्ताद म्हणाले, चहा सांडला असेल. मी नखाने काढला. चहाची अशी खपली निघत नाही. आणि फुटक्या कोपऱ्यात लांब केस अडकले होते, मुळासकट.

तू लिहिलंस, फळीवरून पडला. जिन्यात तू पडलीस, न्हाणीत पडलीस, तेही तूच लिहिलं होतंस. मी वाचायचो आणि गाव बदलायचो.

सकाळी भाऊजी रेडिओ न्यायला आले. मी सोल्डरिंग करत होतो.

"काय मेकॅनिक, झाला का? तुझ्या ताईच्या हातात काही टिकत नाही बघ."

मी केस त्यांच्यापुढे ठेवले.

"मग? आमच्या घरातलं आहे ते. तू आपल्या तारा जोड." आणि माझा गाल थोपटला.

तोच हात मी टेबलावर दाबला आणि तापलेलं टोक तळव्यात टेकवलं. धरून ठेवलं. ते गुडघ्यावर आले तेव्हा मी रेडिओ उचलला होता, डोक्यात घालायला. उस्तादांनी मागून कवेत धरलं म्हणून वाचला. रेडिओ. आणि भाऊजीही.

शेजारचा शिंपी धावत आला, "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही. पडले ते."

ताई, मला बरं वाटलं. फार बरं. त्यांनाही असंच वाटत असेल, हे मागाहून डोक्यात आलं आणि मोरीवर जाऊन ओकलो.

आता ते दवाखान्यात आहेत. संध्याकाळी पट्टी बांधून घरी येतील आणि माझ्यावरचा राग तुझ्यावर काढतील. हे त्यांचा हात भाजण्याआधी सुचायला हवं होतं. म्हणून हे पत्र टपालात टाकलं नाही. समोर उभ्या आहेत त्या वहिनी, उस्तादांची बायको. वाचून झालं की चप्पल घाल आणि त्यांच्याबरोबर नीघ. सामान घेऊ नकोस. पोलीस मला घेऊन गेले तरी तू वहिनींकडेच राहा, खोली झाडून ठेवली आहे. रेडिओ तिथेच लावलाय.

वाटेत वहिनी विचारतील, डोक्याला काय लागलं. पडले म्हणू नकोस.

या वेळी कुठेही न पळालेला,
तुझा उंडगा